दर मे महिन्यात पंप जळतो आणि पाणी तरी हिरवंच : घरच्या स्विमिंग टँकचा पंप निवडताना

एप्रिल सरला की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून एकाच तऱ्हेची तक्रार ऐकू येते. टँक नवा आहे, पंप चांगला तीन एचपीचा आहे, रोज चार-पाच तास चालवतो, तरी आठवड्याभरात पाणी हिरवं पडतं. मध्येच मोटर जळते. वाइंडरकडून तार नव्याने भरून आणली की महिनाभर चालते, परत जळते. मग कोणीतरी सांगतं, मोटर कमी पडतेय, पाच एचपी बसव. पाच एचपी बसते, आणि पुढच्या मे महिन्यात तीही जळते.

ज्यांच्याकडे हे दर वर्षी घडतं त्यांना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. तुमचा पंप लहान नाही, मोठा आहे. मोठा आहे म्हणून मोटर जळते आणि मोठा आहे म्हणूनच पाणी साफ होत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि ते नवा पंप घ्यायच्या आधी कळलं तर हजारो रुपये वाचतात.

हे आपल्याकडेच जास्त का होतं तेही समजण्यासारखं आहे. खानदेशात पंप म्हटलं की शेतीचा पंप. विहिरीवरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत), बोअरमधला सबमर्सिबल, रावेर-यावलच्या केळीच्या ड्रिपवरचा पंप. आपल्या माणसांना पंपाची माहिती कमी नाही. हेड (पाणी किती उंच ढकलायचं त्याचं माप), डिस्चार्ज, प्रायमिंग, फूटव्हॉल्व्ह हे शब्द इथल्या पोरांनाही पाठ असतात. ड्रिपमुळे सँड फिल्टर आणि बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, हेही माहीत आहे. फक्त टँकच्या बाबतीत एक हिशोब उलटा होतो, आणि तिथेच घोटाळा आहे.

विहिरीचं हेड आणि टँकचं हेड

विहिरीतून पाणी काढताना पंपाला ते खरोखर वर उचलावं लागतं. पाणी साठ फुटांवर असेल तर साठ फूट उचललंच पाहिजे, वर पाइपातलं घर्षण वेगळं. म्हणून शेतीचा पंप घेताना आधी विहिरीची खोली विचारतात.

टँकमध्ये पाणी जिथून निघतं तिथेच परत येऊन पडतं. वरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरमधून आणि तळाच्या जाळीतून निघालं, पंपातून फिल्टरमध्ये गेलं, भिंतीतल्या नोझलमधून पुन्हा त्याच टँकमध्ये आलं. वर चढताना जेवढं हेड खर्च झालं तेवढं खाली उतरताना परत मिळतं. उचलण्याचं काम जवळपास शून्य. पंपाला झगडायचं असतं ते पाइप, बेंड, व्हॉल्व्ह आणि फिल्टरमधली वाळू यांच्या अडथळ्याशी. घरगुती टँकमध्ये हा सगळा अडथळा मिळून साधारण ८ ते १२ मीटर हेडचा असतो.

आता शेतीचा तीन एचपी मोनोब्लॉक घ्या. तो २५ मीटर हेडला सेकंदाला पाचेक लिटर पाणी देण्यासाठी बनलेला असतो. त्याला १० मीटर हेडवर लावलं की समोर अडवायला काहीच नाही म्हटल्यावर तो जास्त पाणी ओढतो, आणि जास्त पाणी ओढलं की मोटरवर जास्त भार येतो. पुष्कळ लोकांना वाटतं हेड कमी म्हणजे मोटरला आराम. फिरत्या पंख्याने पाणी फेकणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपाचं तसं नसतं. समोरचा अडथळा कमी झाला की अँपिअर चढतात. पंपाच्या पाटीवर ‘हेड रेंज’ लिहिलेली असते ती यासाठीच. त्या रेंजच्या खाली चालवला की वाइंडिंग तापत राहतं.

अमळनेरजवळच्या एका मळ्यातलं उदाहरण सांगतो. फोनवर पहिलंच वाक्य होतं, “भाऊ, मोटर परत जयी गयी.” जाऊन पाहिलं तर पत्र्याच्या खोलीत तीन एचपीचा मोनोब्लॉक, नुकताच भरून आणलेला. फिल्टर होता, पण त्याचा व्हॉल्व्ह रिसर्क्युलेशनवर ठेवलेला. म्हणजे पाणी वाळूतून जातच नव्हतं, वरच्या वर फिरत होतं. का, तर फिल्टरवर ठेवलं की वाळू टँकमध्ये येते म्हणून. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती धरून अँपिअर मोजणारा चिमटा, लावला. पाटीवर १६ अँपिअर, मीटरवर २१. वायरमन म्हणाला, व्होल्टेज कमी असेल. व्होल्टेज तेव्हा २२५ होतं.

मग मी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाण्यावरचा, व्हॉल्व्ह हळूहळू दाबायला घेतला. वायरमन हात पुढे करून थांबवत होता, “बंद नका करू, लोड येईल.” व्हॉल्व्ह निम्म्याच्या पुढे दाबला तसे अँपिअर १९ झाले, १७ झाले, मग १५. मोटरचा आवाजही बदलला, जड घरघर गेली. मळ्याचे मालक नाना खुर्चीवरून उठून मीटरपाशी आले आणि पुन्हा उघडून दाखव म्हणाले. उघडला, आकडा परत २१ वर गेला. त्यानंतर मोटर का जळते हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तुमच्याकडे हाच प्रकार आहे की नाही हे पाहायला वायरमन आणि टाँग टेस्टर एवढं पुरतं. पाटीवरचे अँपिअर आणि चालू अँपिअर यांची तुलना करा, मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून आकडा उतरतो का पाहा. उतरला तर पंप त्याच्या रेंजच्या बाहेर चाललाय. नवा पंप येईपर्यंत व्हॉल्व्ह दाबूनच चालवा, मोटर वाचेल. पण दाबायचा तो डिलिव्हरीचाच व्हॉल्व्ह. सक्शनचा, म्हणजे पंपाकडे येणाऱ्या पाण्यावरचा, दाबला तर पंप आतून खराब होतो.

मोठ्या पंपाने पाणी हिरवं का राहतं

सँड फिल्टरमधली वाळू बारीक घाण अडवते ती पाणी तिच्यातून संथपणे गेलं तरच. घरगुती फिल्टरला दर चौरस मीटर वाळूमागे तासाला ५० हजार लिटर ही वरची मर्यादा धरतात, आणि ३० हजारांच्या आसपास चाललं तर गाळण खरोखर चांगलं होतं. २० इंची, म्हणजे ५०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमध्ये वाळूचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२ चौरस मीटर भरतं. म्हणजे त्याची कमाल मर्यादा तासाला दहा हजार लिटरच्या आत. त्यातून तीन एचपीचा पंप वीस हजार लिटर रेटायला लागला की पाणी वाळूत वाटा पाडतं, त्या वाटांमधून घाण सरळ आरपार जाते. शेवाळाचे बारीक कण आणि आपली काळी माती यांना तर मोकळं रानच मिळतं. जोर फार झाला की फिल्टरच्या बुडातल्या बारीक फटींच्या नळ्या, ज्यांना लॅटरल म्हणतात, त्या तडकतात आणि वाळू टँकमध्ये यायला लागते. अमळनेरला हेच झालं होतं.

तेव्हा नोझलखाली टँकच्या तळाला वाळूची रांगोळी दिसली तर फिल्टर उघडून लॅटरल बघावेच लागतील. नुसती वाळू बदलून उपयोग नाही. आणि वाळू भरताना बांधकामाची नदीतली वाळू भरू नका. गिरणेची वाळू प्लास्टरला कितीही नामांकित असली तरी तिच्यात दाणा लहानमोठा असतो आणि पोयटा असतो. फिल्टरला साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची एकसारख्या दाण्याची सिलिका वाळू लागते. ड्रिपच्या फिल्टरसाठी ती मिळते, त्यामुळे खानदेशात ती शोधत फिरावं लागत नाही.

मग नेमका किती पंप लागतो

आधी टँकमधलं पाणी काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजून गुणाकार करा, त्याला २८.३ ने गुणा, लिटर येतील. आपल्याकडे मळ्यातला किंवा बंगल्याच्या मागचा टँक बहुधा २४ बाय १२ फुटांचा असतो, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला पाच. सरासरी चार फूट. २४ गुणिले १२ गुणिले ४ म्हणजे ११५२ घनफूट, म्हणजे साधारण ३२,६०० लिटर.

घरगुती टँकमध्ये एवढं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरेल असा हिशोब ठेवतात. सहा तास धरले तर तासाला ५,४०० लिटर. मिनिटाला ९० लिटर. केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या माणसाला हा आकडा सांगितला की तो दुसऱ्यांदा विचारतो, एवढंसंच? हो, एवढंसंच.

पण इथे थांबून चालत नाही, कारण बॅकवॉशला जास्त पाणी लागतं. वाळू खालून वर उचलली गेली, दाणे सुटे झाले, तरच अडकलेली घाण निघते. त्याला चौरस मीटरमागे ४० ते ५० हजार लिटरचा वेग लागतो. २० इंची फिल्टरला म्हणजे तासाला ८ ते १० हजार लिटर. म्हणून या टँकला पंप असा हवा जो १० मीटर हेडला तासाला आठ-नऊ हजार लिटर देईल. रोजच्या गाळणीच्या वेळी व्हॉल्व्ह थोडा दाबून सहा-सात हजारांवर ठेवता येतो.

हे काम पाऊण एचपीचा स्विमिंग पूल पंप करतो. तीन एचपीची जागा पाऊण एचपी घेतो हे ऐकून दुकानदारही कधी कधी मान हलवतो, म्हणून पडताळा देतो. ताशी नऊ हजार लिटर पाणी १० मीटर हेडने ढकलायला लागणारी निव्वळ ताकद अडीचशे वॅटच्या आत आहे. लहान पंपाची कार्यक्षमता निम्मीच धरली तरी शाफ्टला पाचशे वॅट लागतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. हिशोब इथे संपतो.

टँक याहून मोठा असेल, समजा ३० बाय १५ फूट, तर २४ इंची फिल्टर आणि एक एचपी. घरगुती टँकला दीड एचपीच्या वर जायची वेळ सहसा येत नाही. धबधबा किंवा जेट लावायचे असतील तर त्यांना वेगळा पंप द्या, फिल्टरच्या पंपावर ते ओझं टाकू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. एक फेरी पूर्ण झाली म्हणजे टँकमधला थेंबन् थेंब गाळला गेला असं होत नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. म्हणून मे महिन्यात दोन फेऱ्या तरी पाहिजेतच. लहान पंप जास्त तास चालवणं हा त्याचा मार्ग आहे, आणि वीज तरीही कमी लागते. तीन एचपीची मोटर पाच तास चालली की जवळपास १५ युनिट जातात. पाऊण एचपीची दहा तास चालली तरी आठच्या आसपास. महिन्याला दोनशे युनिटचा फरक, आणि महावितरणचा स्लॅब चढला की पुढचं प्रत्येक युनिट महाग.

पाइप

पंप बरोबर निवडला आणि पाइप बारीक टाकला तर पुन्हा तेच रडगाणं. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जाऊ नये. ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून त्या वेगाने तासाला नऊ हजार लिटर जातात, म्हणजे आपल्या उदाहरणात अगदी काठावर. ६३ चा टाकला तर चौदा हजारांपर्यंत सोय होते. दोघांच्या किमतीत फार अंतर नाही, आणि फरशीखाली गेलेला पाइप पुन्हा बदलता येत नाही. सक्शन ६३ चाच टाका. घर्षण वेगाच्या जवळपास वर्गाने वाढतं, पाणी दुप्पट झालं की अडथळा चौपट, हे गणित ड्रिपवाल्यांना नव्याने सांगायला नको.

पंपाची खोली टँकपासून फार लांब नको आणि पाण्याच्या पातळीपेक्षा फार वर नको. पातळीच्या खाली बसवता आला तर उत्तम, पंप कधी पाणी सोडत नाही. मात्र मग दोन्ही पाइपांना पाणी पूर्ण बंद करणारे आयसोलेशन व्हॉल्व्ह पाहिजेत, नाहीतर पंपाची जाळी साफ करायला झाकण उघडलं की टँक खोलीत रिकामा होतो. वर बसवायचा असेल तर सेल्फ प्रायमिंगचाच, म्हणजे स्वतःच हवा काढून पाणी ओढणारा घ्या.

फिल्टरवरचं घड्याळ काय सांगतं

फिल्टरच्या डोक्यावरचा प्रेशर गेज फुटलेला किंवा गंजलेला दिसतो आणि कोणी बदलत नाही. स्वस्त वस्तू आहे, बदला. सगळं निदान त्याच्यावर चालतं.

ताजा बॅकवॉश झाल्यावर काटा कुठे थांबतो ते मार्करने काचेवर खूण करून ठेवा. बरोबर मापाच्या घरगुती टँकला तो (चौरस सेंटिमीटरमागे) अर्धा ते एक किलोच्या दरम्यान असतो. तिथून काटा अर्धा किलो वर चढला की फिल्टर भरला, बॅकवॉश करा. ताजा बॅकवॉश करूनही काटा दीड-दोन किलोवर असेल तर पंप फिल्टरला जड आहे किंवा परतीच्या पाइपात काहीतरी अडलंय. काटा खुणेच्या खाली गेला तर अडथळा पंपाच्या आधी आहे. जाळी पानांनी भरली, स्किमरमध्ये पाणी कमी झालं, नाहीतर सक्शनमधून हवा येतेय.

हवेची ओळख सोपी. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली फेस फिरताना दिसतो आणि नोझलमधून बुडबुडे येतात. बहुतेक वेळा दोष झाकणाच्या रबरी रिंगेचा असतो. उन्हाने रिंग कडक होते, तिच्यावर कचरा बसतो. पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं मशिनचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. तरी बुडबुडे थांबले नाहीत तर पंप चालू असताना सक्शनच्या एकेका जोडावर पाणी ओतत चला. ज्या जोडावर पाणी ओतल्याबरोबर बुडबुडे थांबतात तोच जोड चोर.

पंपातून खडे दळल्यासारखा आवाज येत असेल आणि जाळीत खडा नसेल, तर पंप जेवढं पाणी मागतोय तेवढं सक्शनमधून मिळत नाहीये. पाण्यात वाफेचे फुगे होऊन इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यावर, फुटतात. मोठा पंप आणि बारीक सक्शन एकत्र आले की हे हमखास. इम्पेलर काढून पाहिला तर पात्यांच्या मुळाशी उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर आधी मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर बदलून पाहा. उन्हाळ्यात तोच पहिला जातो.

आपल्या उन्हाचं आणि लाइटचं

मोटरच्या पाटीवरचे आकडे भोवतालच्या हवेचं तापमान ४० अंश धरून दिलेले असतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात, आणि पत्र्याच्या बंद खोलीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मोटर चालू व्हायच्या आधीच तिची सवलत संपलेली असते. खोलीला समोरासमोर दोन जाळ्या ठेवा, पत्र्यावर गोणपाट किंवा केळीची वाळलेली पानं टाका, आणि क्लोरीनचा डबा त्या खोलीत अजिबात ठेवू नका. त्याच्या वाफेने मोटरचं टर्मिनल आणि स्टार्टर दोन्ही खाऊन जातात.

व्होल्टेज संध्याकाळी पडतं, तेव्हा पंप सकाळी लवकर आणि दुपारी चालवा. दुपारी चालवण्याचा आणखी एक फायदा. कडक उन्हात क्लोरीन झपाट्याने उडून जातं आणि तेव्हाच पाणी फिरतं राहिलं तर शेवाळ धरत नाही. छतावर सोलर असेल त्यांना तर ही वेळ फुकटच पडते. जादा अँपिअर चढले की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरला सेट करा. तो पुन्हापुन्हा ट्रिप होतो म्हणून वर सरकवू नका, तो मोटर वाचवत असतो.

विहिरीवरचा ऑटो टँकच्या पंपाला लावू नका. लाइट आली की तो पंप सुरू करतो, आणि तेवढ्या वेळात पंपाने पाणी सोडलेलं असेल तर कोरडा फिरून शाफ्टपाशी पाणी अडवणारा मेकॅनिकल सील जळतो. बॅटरी असलेला टायमर आणि ड्राय रन (कोरडं चालणं) संरक्षण लावा. शेतीच्या कनेक्शनवर टँक चालवणं तर सरळ नियमाबाहेर आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो. शेतीसाठी योजनेतून मिळालेला सौर पंपही टँकला वापरू नका.

वेग कमी-जास्त करता येणारे पंप आता मिळतात आणि लोक विचारतात. तत्त्व उत्तम आहे. वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं, पण ताकद आठव्या हिश्श्यावर येते. टँकमध्ये उचलण्याचं हेड नसल्यामुळे हे गणित इथे जवळपास पूर्ण लागू पडतं. अमेरिकेत जुलै २०२१ पासून पूल पंपांना कार्यक्षमतेचे जे नियम लागू झाले त्यामुळे तिथे असेच पंप रूढ झाले. आपल्याकडे ५० हजार लिटरच्या वरचा टँक आणि स्थिर व्होल्टेज असेल तर घ्यावा. तीस-बत्तीस हजारांच्या टँकला पाऊण एचपीचा साधा पंपच घ्यावा असं माझं मत आहे. त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स पत्र्याच्या खोलीतल्या उन्हात तापलं तर दुरुस्तीला जिल्ह्याबाहेर पाठवत बसावं लागतं.

बोअरचं पाणी आणि टीसीएल

आपल्या बोअरचं पाणी जड. इम्पेलरवर, हीटरवर, नोझलवर पांढरा थर चढतो आणि पंपाचं पाणी वर्षागणिक कमी होत जातं. त्यात ग्रामपंचायतीत मिळते तसली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ओतली की तिच्यातला चुना आणखी भर घालतो आणि फिल्टर दोन दिवसांत भरतो. टीसीएल वापरायचीच असेल तर बादलीत कालवून ठेवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टँकमध्ये टाका. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम, हे दोन आकडे साध्या टेस्ट किटने रोज पाहिले तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत. पीएच ८ वर गेला की क्लोरीन असूनही फारसं काम करत नाही, आणि मग पंपाला बोल लागतो.

क्लोरीनमुळेच बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पंप नको. क्लोरीनच्या पाण्यात बीड गंजतं आणि टँकच्या भिंतीवर तपकिरी डाग पडतात. बॉडी आणि इम्पेलर प्लास्टिकचे, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, पुढे केस-पानं अडवणारी जाळी. स्विमिंग पूल पंप म्हणून जो विकतात त्यात हे सगळं असतं.

लहान मुलं ज्या टँकमध्ये उतरतात त्यांच्यासाठी

हे मी हात जोडून सांगतो. मोठा पंप जिवावर बेततो. तळाला एकच जाळी आहे, तिच्यामागे तीन एचपीचा पंप आहे, आणि पोरगं त्या जाळीवर बसलं किंवा लांब केस तिच्यात ओढले गेले, तर मोठ्या माणसालाही त्याला सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी अशाच ओढीत अडकून गेली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला. तळाला दोन जाळ्या, एकमेकींपासून निदान तीन फुटांवर, दोन्ही एकाच पाइपाला जोडलेल्या, वर फुगीर अँटी-व्हॉर्टेक्स (भोवरा न होऊ देणारं) झाकण. एक जाळी झाकली गेली तर ओढ दुसरीकडे जाते. झाकण तुटलं असेल तर ते बसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, पाहुणे आलेले असले तरीसुद्धा.

विजेचंही तसंच. पंप आणि बोर्ड पाण्याच्या काठापासून निदान साडेतीन मीटर दूर, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि स्वतंत्र अर्थिंग. आरसीसीबी पडतो म्हणून काढून टाकलेला मी पाहिला आहे. तो पडतो तेव्हा कुठेतरी करंट उतरत असतो.

शेततळ्यालाच पंप-फिल्टर लावून स्विमिंग टँक करता येईल का असं पुष्कळजण विचारतात. करू नका. प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही.

दुकानात गेल्यावर

एचपी सांगून पंप मागू नका. टँकमधलं पाणी, फिल्टरचा व्यास आणि पाइपाचं माप सांगा, आणि ‘१० मीटर हेडला तासाला किती लिटर’ एवढंच विचारा. कॅटलॉगमधली कोणत्या हेडला किती पाणी ते दाखवणारी रेघ पाहायला मागा. शून्य हेडचा मोठा आकडा दाखवून विकत असतील तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. फिल्टर आणि पंप जोडीने घ्या, फिल्टरची कमाल मर्यादा पंपापेक्षा थोडी जास्तच असू द्या. जुना तीन एचपी मोनोब्लॉक चांगला असेल तर विहिरीवर न्या, तिथे तो वर्षानुवर्षं चालेल.

नवा पंप बसवला त्या दिवशी गेजचा काटा, चालू अँपिअर आणि व्होल्टेज हे तीन आकडे खोलीच्या दारामागे खडूने नाही, ऑइल पेंटने लिहा. पुढे काही बिघडलं की वायरमनला आधी तेच आकडे दाखवा.